गाडीचं दुखणं गाडीनेच सांगावं

मित्रहो, सुरुवात गाडी स्वतःच नोंदवते अशा एका दोषाच्या कोडपासून करतो: पी ०४२०. नाना पेठेतल्या कुठल्याही जाणत्या मेकॅनिकला तो तोंडपाठ असतो. इंजिनातून निघालेला धूर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्यातून, बाहेर जातो. त्याच्या अलीकडे एक ऑक्सिजन सेन्सर, पलीकडे दुसरा. पेट्रोल गाडीत अलीकडच्याचं व्होल्टेज सारखं वरखाली होत असतं. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर पलीकडचा जवळजवळ स्थिर राहतो, कारण ऑक्सिजनचा चढउतार कन्व्हर्टरने पोटात घेतलेला असतो. पलीकडचाही तसाच नाचायला लागला की समजायचं, कन्व्हर्टर थकला. मग पिवळा दिवा लागतो. काहीही न खोलता आतली गोष्ट कळते. मला हा विचार आजही फार सुंदर वाटतो.

गाडीनेच स्वतःचे दोष ओळखायची ही ओबीडी (ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स) पद्धत कॅलिफोर्नियातल्या धुरकट हवेपायी जन्मली. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ओबीडी-दोन सक्तीचं झालं, आपल्याकडे २०१३ मध्ये. स्टिअरिंगखालचं ते सोळा पिनांचं सॉकेट सगळ्या कंपन्यांत एकसारखं, धुराशी संबंधित कोडही एकसारखे. म्हणून साधा स्कॅनर घेऊन कोपऱ्यावरचा गॅरेजवालाही गाडी तपासू शकला. माझ्या मते ओबीडीची खरी कमाई ही आहे.

आता आजची गाडी बघा. कॅमेऱ्याचं चित्र वाचणारा प्रोग्राम मेमरी कमी पडली म्हणून मध्येच बंद पडतो आणि दोन सेकंदांत पुन्हा सुरू होतो. वायर ठीक, सेन्सर ठीक, व्होल्टेज ठीक. ड्रायव्हर सांगतो, ‘घाटात लेनचा इशारा गेला आणि परत आला.’ मेकॅनिक स्कॅनर लावतो, तर एकही कोड नाही. मग कॅमेरा बदलला जातो, हजारो रुपये जातात, आणि पुढच्या घाटात पुन्हा तेच.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. गाडीतल्या कंट्रोलरशी बोलायच्या जुन्या यूडीएस पद्धतीत गाडी उत्तर देते ते नुसत्या बाइट्समध्ये. त्यांचा अर्थ लावायला टेस्टरकडे, म्हणजे तपासणीच्या यंत्राकडे, कंपनीची वर्णनाची फाइल लागते. सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं तेच होतं तोवर हे चाललं. पण रात्री पार्किंगमध्ये उभ्या गाडीत अपडेट आलं, तर सकाळी टेस्टरमधली फाइल शिळी.

यावर वाहन-उद्योगासाठी मानकं ठरवणाऱ्या एएसएएम (ASAM) या संस्थेने २०२२ मध्ये एसओव्हीडी हे गाडीच्या तपासणीचं मानक आणलं. यात गाडी स्वतःच सांगते की माझ्यात काय काय आहे. ब्राउझर वेबसाइटशी बोलतो त्याच एचटीटीपीवरून टेस्टर विचारतो, ‘तुझे घटक कोणते? यातल्या कॅमेऱ्याच्या प्रोग्रामचे दोष दाखव.’ उत्तर वाचता येईल अशा मजकुरात येतं, सोबत लॉगही मागवता येतो: प्रोग्राम कधी पडला, त्याआधी काय घडलं. जुने कंट्रोलर फेकायचे नाहीत. त्यांच्यासाठी मध्ये एक दुभाषा बसतो, तो एचटीटीपीची मागणी यूडीएसमध्ये करून देतो.

सुरक्षेचा प्रश्न रास्तच आहे. २०१५ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी चालत्या जीप चेरोकीत मोबाइल नेटवर्कवरून शिरकाव केला. त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दूरवरून गाडीशी बोलता येत असेल, तर कोण बोलतोय हे तपासलंच पाहिजे. एसओव्हीडीत त्यासाठी टोकनची, म्हणजे डिजिटल परवान्याची, सोय आहे. पण टोकन देणार कोण? फक्त कंपनी, तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या बाहेरचे सगळे हात आंधळे होतील. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२० मध्ये गाडीने वायरलेस पाठवलेल्या माहितीवरही मालकाचा आणि स्वतंत्र गॅरेजचा हक्क मान्य केला. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल आलं, त्यात वाहनंही आहेत.

माझी मागणी नेमकी आहे. वाचणं आणि लिहिणं यांचे परवाने वेगळे करा. ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिण्यावर कडक पहारा ठेवा, त्याला माझी पूर्ण संमती आहे. पण दोष वाचणं, लॉग बघणं, बसवलेली आवृत्ती पाहणं हे मालकाच्या संमतीने कोणत्याही नोंदणीकृत गॅरेजला विनाशुल्क मिळालं पाहिजे. वाहनांची मानकं लिहिण्याचं काम करणारी एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) इथे पुण्यातच आहे. मसुद्यांवर सूचना मागवल्या जातात, तेव्हा गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी हा मुद्दा लेखी द्यावा. मसुदा तयार करायला मी आणि माझे सहकारी बसायला तयार आहोत.