‘जिन’ हा शब्द आला कुठून?

मंडळी, जळगाव, धरणगाव, अमळनेर, चोपडा या पट्ट्यात ‘गाडी जिनला लावली’ म्हटलं की कोणी खुलासा मागत नाही. जिन म्हणजे कापसातली सरकी, म्हणजे बी, काढून रुई वेगळी करणारं यंत्र आणि त्याचा कारखानाही. वजनकाटा, अंगणातले कापसाचे ढीग, रोलर, प्रेस असं सगळं त्या एका शब्दात येतं. इंग्रजीत मात्र नुसतं ‘जिन’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला दारू आठवते, म्हणून यंत्रासाठी तिथे आधी ‘कॉटन’ जोडावं लागतं.

मुळात या शब्दाचा कापसाशी काही संबंध नाही. लॅटिनमधला ‘इंगेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. फ्रेंचमधून पुढे येताना बुद्धीची युक्ती झाली आणि युक्तीचं युक्तीने केलेलं साधन झालं. इंग्रजीत सुरुवातीचा स्वर गळून ‘जिन’ उरलं. पाखरांचा फास, वजन उचलायची तिकटी, अशा कितीतरी वस्तूंना हे नाव होतं. ‘इंजिन’ आणि ‘इंजिनिअर’ याच घरातले. इंगेनियममधला ‘गेन्’ आणि आपल्या ‘जन्म’मधला ‘जन्’ यांचं मूळही एकच आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

सारख्या उच्चारामुळे गल्लत होते. दारूचं ‘जिन’ डच ‘येनेव्हर’वरून, म्हणजे जुनिपर या झाडावरून आलं. पँटची ‘जीन्स’ इटलीतल्या जेनोआ शहरावरून. घोड्याचं जीन फारसी.

एली व्हिटनीने १७९३ मध्ये कापसाचं जिन केलं, १७९४ मध्ये पेटंट घेतलं. त्यात तारेचे दात अरुंद फटींतून रुई ओढून नेतात आणि सरकी अलीकडे अडते. काम झपाट्याने होतं, पण लांब धागा तुटतो. १८४० मध्ये फोन्स मॅकार्थीने रोलरच्या जिनचं पेटंट घेतलं. आपल्याकडचं डबल रोलर त्याच वंशातलं.

ते जवळून पाहा. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन रोलर, त्यांच्या अंगावर तिरक्या खाचा. प्रत्येक रोलरला टेकलेली एक स्थिर सुरी आणि मध्ये हलत्या सुऱ्यांची जोडी. तंतू रोलरला धरून स्थिर सुरीखालून ओढले जातात, सरकी कडेला अडते आणि हलती सुरी ठोकून तिला मोकळी करते. खाचा झिजल्या की पकड सुटते आणि काम मंदावतं. सुरीचा दाब जास्त झाला तर चामडं तापतं. सुऱ्यांचं अंतर चुकलं तर सरकी फुटते आणि तिचे तुकडे रुईत जातात. हा दोष पुढे सूतगिरणीतही निघता निघत नाही. ओला कापूस रोलरला गुंडाळतो, म्हणून ओल आठ टक्क्यांच्या आतच बरी. कापसात खडा किंवा खिळा राहिला तर ठिणगी उडून आग लागते.

शंभर किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई उतरते. उरतं त्यात बहुतेक सरकी, थोडा कचरा आणि घट. गठाण, म्हणजे दाबून बांधलेला रुईचा गठ्ठा, १७० किलोची असते, म्हणजे एका गठाणीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो.

वापरातली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ‘जिनिंग’ म्हणजे काटेकोरपणे रुई आणि सरकी वेगळी करणं, एवढंच. गठाण बांधणं हे प्रेसिंग. आपल्या बोलण्यात दोन्ही ‘जिन’मध्येच धरलं जातं, त्यामुळे मजुरीचा दर ठरवताना त्यात प्रेसिंग आहे की नाही, ते आधीच विचारून कागदावर लिहून घ्यावं.