स्पिनरबेटचं गंगावन

बसा मंडळी, बसा, आणि तो कोपऱ्यातला पंखा जरा कमी करा, माझा आवाज तोच खातोय. आधी एक खुलासा. बाहेर बोर्डावर ‘मासेमारी : एक आनंददायी छंद’ असं लिहिलंय ते मी दिलेलं नाही. मी सेक्रेटरींना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की विषय आहे ‘स्पिनरबेटला मऊ प्लास्टिकचं शेपूट कोणतं लावावं’, तर ते म्हणाले अहो वाशीत असं लिहिलं तर कोण येणार. आलेत की, पस्तीस जण आहेत, त्यातले निम्मे नंतरच्या बटाटेवड्यासाठी, पण मागच्या महिन्यात मधुमेहावर बोललो तेव्हाही तसेच आले होते.

इथे बऱ्याच जणांची पोरं अमेरिकेत आहेत, त्यामुळे सहा महिने तिकडे जाऊन काय करायचं असतं ते तुम्हाला माहितीच आहे, म्हणजे सकाळी फिरून यायचं, डिशवॉशर आपण लावला की सून परत लावते, आणि शनिवारची वाट बघायची. माझा पोरगा डॅलसजवळ असतो. त्याला कळलं की बाबा आता खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजायला लागलेत, म्हणून तो मला एका शनिवारी दीड तासावरच्या लेक फोर्कला घेऊन गेला. लेक फोर्क म्हणजे बास माशाची पंढरीच. १९८० मध्ये धरण झालं तेव्हा आतली झाडं बरीचशी तशीच उभी ठेवली, आज पाण्यात नुसते बुंधे, आणि त्या बुंध्यांच्या आडोशाला लार्जमाउथ बास बसलेला असतो, हिरवट, जबडा पार डोळ्याच्या मागपर्यंत गेलेला. टेक्सासचा रेकॉर्ड बास, १८.१८ पौंडांचा, १९९२ मध्ये याच तलावात मिळाला. हा मासा आपल्या ठाण्याच्या मासुंदा किंवा उपवन तलावात नाही, त्यामुळे उद्या सकाळी काठी घेऊन तलावपाळीला जाऊ नका आणि गेलात तर माझं नाव सांगू नका.

आता स्पिनरबेट म्हणजे काय ते दोन मिनिटांत. एक मोठी सेफ्टी पिन डोळ्यापुढे आणा, उघडलेली. खालच्या दांडीला शिशाचं डोकं आणि गरी, वरच्या दांडीला चकचकीत पातं, ओढलं की ते गरगर फिरतं. गरीभोवती सिलिकॉनच्या बारीक दोऱ्यांची झालर, तिला स्कर्ट म्हणतात, मागच्या रांगेत हसायचं काम नाही. आणि त्या झालरीच्या आतून गरीवर ओवून मागे सोडतात ते ट्रेलर, मऊ रबरासारखं शेपूट. आपल्या आज्या केस विरळ झाले की गंगावन लावायच्या ना, तेच. माझी आजी नौपाड्यातल्या वाड्यात आरशासमोर बसून गंगावन अंबाड्यात असं गुंफायची की खरे केस कुठे संपले ते आजोबांनासुद्धा कळत नसणार. पण लग्नाला जाताना वेगळं आणि रोजचं वेगळं, आणि उन्हाळ्यात लावायचीच नाही, मानेला घाम येतो म्हणून. हे लक्षात ठेवा, उन्हाळ्यात लावायचीच नाही, याच्याकडे मी परत येणारे.

आधी इतिहास, थोडासाच. प्लास्टिक नव्हतं तेव्हा डुकराच्या कातडीच्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात मुरवून बाटलीत मिळायच्या, आपल्या लोणच्यासारख्या, विस्कॉन्सिनच्या अंकल जॉश कंपनीनं १९२० च्या दशकापासून त्या विकल्या. मग १९४९ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनला निक क्रीम नावाच्या माणसानं बायकोबरोबर घरच्या घरी मऊ प्लास्टिक वितळवून गांडूळ ओतलं. कंपनी पुढे टेक्सासमध्ये टायलरला गेली, म्हणजे माझ्या पोराच्या त्या तलावापासून फार लांब नाही. आमच्याकडे मी गॅसवर प्लास्टिक ठेवलं असतं तर धंदा सोडा, मला जेवणही बाहेर करावं लागलं असतं.

तर मुद्दा. मी दुकानात गेलो की माणसं एकच प्रश्न विचारत असतात, रंग कोणता घेऊ. तिकडे विचारतात, इकडे आपले ठाण्यातले जे दोन-चार वेडे ऑनलाइन मागवतात तेही विचारतात, पांढरा की पोपटी. मला याचा राग येतो, खरंच येतो, कारण शेपूट माशाकडे बघून निवडायचंच नाही, ते पात्याकडे बघून निवडायचं. लहानपणी पतंगाला शेपटी का लावायचो आपण? शोभेला? पतंग गिरक्या घ्यायला लागला की आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, सरळ राहायचा. जरा लांब बांधली की उचलायचाच नाही. तिथे चिंधीचा रंग कोणी विचारला होता? स्पिनरबेटचं अगदी तसंच आहे, शेपूट म्हणजे ओढ आणि थोडं तरंगणं, त्यामुळे आमिष पाण्यात वर उचललं जातं, हळू बुडतं, दोरी हळू गुंडाळली तरी तळाला आपटत नाही. आणि ओढ जास्त झाली की ते आडवं होतं आणि पातं मरतं. पातं मेलं की हातात काय राहिलं, सेफ्टी पिन.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, मला हे एका म्हाताऱ्यानं नेलकटरनं शिकवलं. ही गोष्ट आमच्या घरी सगळ्यांना पाठ आहे, म्हणून आज तुम्हाला सांगतो. नातवाच्या मित्राचे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, बोट त्यांची, बोलणं जवळजवळ नाहीच. मी आदल्या दिवशी दुकानातून पाच इंची पॅडलटेल घेतली होती, म्हणजे शेवटाला बदकाच्या पायासारखा चपटा पंजा असलेली मासोळी, ओढली की पंजा डावा-उजवा हलतो, दुकानदारानं पाण्याच्या टाकीत ओढून दाखवली तर इतकी जिवंत की मीच चावलो असतो. पाकीट सहा डॉलर. सहा डॉलर म्हणजे किती ते मी लगेच मनात गुणून बघतो, ही सवय जात नाही, आणि गुणल्यावर एक दिवस जेवण जात नाही. ती मी लावली तीन अष्टमांश औंसाच्या, म्हणजे साधारण साडेदहा ग्रॅमच्या हलक्या स्पिनरबेटला, आणि मारे जोरात गुंडाळायला लागलो. प्रत्येक वेळी ते कुशीवर आडवं होऊन, पाठीवर पडल्या झुरळासारखं, वर यायचं. म्हातारा पुढच्या टोकाला बसून तासात चार मासे काढून मोकळा, आणि मी आपला तंगुसाचा गुंता सोडवतोय.

पाचव्या माशानंतर त्यानं माझ्याकडे हात केला, दे इकडे. शर्टाच्या खिशातून नेलकटर काढला. मला वाटलं दोरीचं टोक कापणार. त्यानं माझ्या मासोळीचा पंजाच कापला हो! ज्या पंजाचे मी सहा डॉलर दिले तो कट्‌कन पाण्यात. मी मराठीत ओरडलो, नक्की काय ते इथे सांगत नाही, बायका बसल्यात. मग त्यानं डोक्याकडनंही इंचभर छाटलं, उरला एक सरळ बोटाएवढा तुकडा, तो गरीवर अगदी मधोमध ओवला, वाकडा नाही, आणि परत दिला. बोलला काय तर, टू मच टेल. दिवसभरात बोललेले हे तीनच शब्द. पुढच्या फेकीत आमिष रुळावरून गाडी जावी तसं सरळ आलं, पात्याची थरथर थेट मुठीत जाणवायला लागली, आणि तिसऱ्या बुंध्याच्या बाजूला काठी अशी वाकली की मी खाली बसलो. दोन किलोच्या आसपासचा बास. पोरानं फोटो काढला, मोजला, एकोणीस इंच, आणि पाण्यात सोडला.

बघा, आता कसं हळहळलात. आमच्या हिनंही फोनवर हेच विचारलं, सोडला म्हणजे? लेक फोर्कला नियम आहे, १६ ते २४ इंचांच्या मधला बास ठेवायचा नाही, तीच माशांची चांगली वीण देणारी फळी म्हणून. हिला ते पटलेलं नाही. दिवाळे गावच्या मासळीवाल्या मावशींना मी मोबाइलवर फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, रबराला मासा लागतो तर आम्ही कोलंबी कशाला वाया घालवतो, आणि लागल्यावर सोडायचा तर बाबा तू गेलास कशाला? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आता डब्याचं प्रकरण. परत येताना तीस-चाळीस पाकिटं आणली, घरी जागा नाही म्हणून सगळी शेपटं पाकिटातनं काढून एका छान कप्प्यांच्या डब्यात भरली आणि डबा पोटमाळ्यावर. एप्रिल गेला, मे गेला, ठाण्याचा मे, वर पत्रा. जूनमध्ये काढला तर आत हलवा. त्यातला अर्धा दोष माझा, पण अर्धा ती पाकिटं बनवणाऱ्या कंपनीचा, जिनं वेगळ्या जातीचं प्लास्टिक साध्यात मिसळू नये ही ओळ पाकिटावर इतक्या बारीक छापली होती की मोतीबिंदू काढूनही वाचता येत नाही. नेहमीची शेपटं पीव्हीसीची, त्यात मऊपणासाठी तेलकट द्रव घालतात, आणि दुसरी ती रबरासारखी ताणली जाणारी, सहज न तुटणारी. दोन्ही एकत्र ठेवली की एकमेकांना वितळवतात. वर तो तेलकट द्रव साध्या डब्याचं प्लास्टिकही खातो, रंगवलेल्या लाकडी आमिषाचा रंगही खातो. म्हणून जे ज्या पाकिटात आलं ते त्याच पाकिटात ठेवा. आता तो डबा आमच्या नातीच्या शाळेच्या प्रोजेक्टला

काय? दहा मिनिटं? साडेसातला भजनी मंडळाला हॉल द्यायचाय? मग वडे? बरं. म्हणजे ज्याच्यासाठी आलो ते आता पळत पळत.

पाती तीन जातींची. विलो लिफ, लांबट पान, ओढीला हलकं, जोरात फिरतं, चमक जास्त, म्हणजे ठाणे फास्ट. कोलोरॅडो, गोल, पाण्याला धक्के देत हळू जातं, थरथर भरपूर, म्हणजे स्लो, सगळी स्टेशनं घेत. इंडियाना मधलं. पाणी स्वच्छ आणि जोरात गुंडाळायचं असेल तर विलो, आणि त्याला शेपूट सरळ, दोन टोकं फाटलेलं, स्प्लिट टेल म्हणतात ते, किंवा लावूच नका, आजीचं उन्हाळ्यातलं धोरण. फास्टच्या दारात मोठी ट्रंक घेऊन उभं राहायचं नसतं. गढूळ पाणी, हळू गुंडाळणं, कोलोरॅडो, तिथे जाड शेपूट चालतं, दोन वळणदार शेपट्यांचं ट्विन टेल ग्रब किंवा छोटं पॅडलटेल, कारण तिथे आमिष उथळ गवतावरून तरंगत न्यायचंय आणि मासा डोळ्यापेक्षा कुशीवरच्या रेषेनं थरथर ओळखतो. पण पात्याच्या थरथरीशी पंजा भांडतोय असं मुठीत जाणवलं तर नेलकटर. थंड पाण्यात खोल न्यायचं असेल तर जड डोकं, अर्धा औंस किंवा वर, आणि शेपूट कमी हलणारं, कारण माशालाही थंडीत उत्साह नसतो आणि जाड शेपूट लावलं की आमिष वर येतं, आपल्याला खाली हवंय.

लांबी, झालरीच्या बाहेर शेपटीचं टोक तेवढं डोकावावं, बस्स. मासा शेपूट कुरतडून जात असेल तर आधी शेपूट छोटं करा, मग जास्तीची मागची गरी लावा, पण झाडाझुडपांत नको, अडकून तंगूस तुटतो. ओवताना गरी अगदी मध्यावर, वाकडं ओवलं तर ते गिरक्या घेणारच, आणि सारखं खाली सरकत असेल तर फेविक्विकचा एक थेंब.

रंग, हो, तो दुकानातला प्रश्न राहिलाच. इलिनॉयच्या संशोधकांनी बासला रंग ओळखायला शिकवून बघितलं, लाल आणि हिरवा त्याला नीट कळतो, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यात त्याचा घोळ होतो. म्हणजे दुकानात ज्यावरून भांडणं चालतात तोच फरक माशाला धड दिसत नाही. झालरीला साजेसा रंग घ्या आणि गप्प बसा.

आपल्याकडे कशाला हे सगळं, असं ते समोरचे काका विचारतायत. पेणकडे एका मित्राच्या तळ्यात जिताडा आहे, तिथे मी हेच वापरतो, जिताडाही आडोशाला दबा धरून बसणाराच, आणि हो, तो जन्मतो नर आणि मोठा झाला की मादी होतो, पण ते व्याख्यान वेगळं, त्याला तुम्ही विषय तरी नीट लिहाल. त्याच्या तळ्यात माझा हिशोब आजपर्यंत असा आहे, कोलोरॅडो आणि आखूड ग्रबला तीन, जिवंत कोलंबीला मित्राच्या गड्याचे अकरा.

टाळ आलेच दारात. जाता जाता हे पाकीट फिरवतो, हात लावून बघा, किती मऊ असतं ते कळेल. बडीशेपेचा वास येईल, तो मुद्दाम घातलेला असतो. फक्त कृपा करून तोंडात टाकू नका, मधुमेहाच्या व्याख्यानाला एकानं साखरेऐवजीच्या गोळ्या म्हणून माझ्या खिशातली गोळी खाल्ली होती, ती बटण होती.