खोंड आणि मुरलेला बैल

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि मंडळी, बेळगावच्या या सभागृहात मी कवितेवरची व्याख्यानं ऐकली, संतसाहित्यावरची ऐकली. सीमाप्रश्नावरची किती ऐकली ते मोजायचं मी सोडून दिलंय. फुटबॉलवर इथं बोलायला मला बोलावलं तेव्हा मी विचारलं, "नेमकं काय बोलू?" बोलवायला आलेले गृहस्थ म्हणाले, "चहाच्या गाड्यावर रोज जे भांडता, तेच इथं बसलेल्यांना कळेल अशा आवाजात बोला."

तर ते भांडण आधी सांगतो. लेले मैदानावरून परतताना आमचा आठ-दहा जणांचा घोळका चहाला थांबतो. सगळे युरोपातल्या क्लबांचे चाहते. त्यात मँचेस्टर युनायटेडवाले आहेत, चेल्सीवाले आहेत, बार्सिलोनावाले आहेत. प्रत्येकाचा मॅनेजर, म्हणजे संघ निवडणारा प्रशिक्षक, वेगळा, पण भांडण एकच. मॅनेजर बाजारातून मोठे खेळाडू आणत नाही, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना उतरवतो, हे शहाणपण की चिंगूसपणा? एक जण म्हणतो, "पैसे हायत की रे, घे की दोन दांडगी माणसं!" दुसरा म्हणतो, "घेऊन काय करायलास? घरचं पोरगं बाकावर बसून कुजतंय त्ये." आणि मग कुणीतरी ते वाक्य टाकतो, ज्यात सगळा वाद मावतो: "पोरं चांगली हायत, खरं लहान हायत." पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्यांसाठी सांगतो, आमचं 'खरं' म्हणजे तुमचं 'पण'. पाहुण्यांना वाटतं आम्ही सारखी सत्याची ग्वाही देतोय. आम्ही नुसती शंका काढत असतो.

मी आर्सेनलवाला आहे, लंडनच्या आर्सेनल क्लबचा, हे आधीच सांगून टाकतो. निःपक्षपाती असल्याचा आव आणला तर मागच्या रांगेतले माझे मित्र हसतील. २००३-०४ च्या मोसमात मॅनेजर आर्सेन वेंगर यांचा हा संघ इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एकही सामना हरला नाही, ३८ पैकी २६ जिंकला आणि १२ बरोबरीत सोडवले. त्या वर्षी मी या नादाला लागलो. मला वाटलं, हे असंच चालायचं. पण २००५ चा एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकल्यानंतर २०१४ पर्यंत आमच्या हाती एकही करंडक लागला नाही. या नऊ वर्षांत ऐकलेली बोलणी मी अजून विसरलेलो नाही.

त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. २००६ साली क्लबनं साठ हजार बैठकींचं नवं स्टेडियम उभारलं. खर्च सुमारे ३९ कोटी पौंड, बराचसा कर्जाचा. घर बांधायला काढलं की लग्नाचा खर्च आखडता घ्यावा लागतो, तसं झालं. वेंगरनी सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून आणलेला सेस्क फाब्रेगास, कोवळा थिओ वॉलकॉट, गाएल क्लिशी अशी पोरं पुढं केली. अर्धे चाहते म्हणाले, हा शिक्षक आहे, माळी आहे. उरलेले म्हणाले, हा कंजूष आहे.

आता २३ फेब्रुवारी २००८, शनिवारची संध्याकाळ. मित्राच्या घरी, टिळकवाडीत, आम्ही सहा जण टीव्हीपुढं. आर्सेनल लीगमध्ये पहिल्या क्रमांकावर, सामना बर्मिंगहॅमशी. सुरुवातीच्याच मिनिटांत आमच्या एदुआर्दोचा पाय मोडला, आणि तो कसा मोडला ते मी या सभेत सांगणार नाही. तरी वॉलकॉटनं दोन गोल केले. वय १८. आम्ही २-१ नं पुढं. शेवटच्या क्षणी क्लिशीच्या चुकीनं बर्मिंगहॅमला पेनल्टी मिळाली आणि सामना २-२ झाला. यात नवल काही नाही, तरण्या पोराकडून चूक होते. नवल पुढं आहे. शिट्टी वाजली तेव्हा आमचा कर्णधार विल्यम गॅलास मैदानावर बसून राहिला. उठेचना. त्याचं वय होतं ३०. पुढचे तिन्ही लीग सामने बरोबरीत गेले, मग चेल्सीकडून हरलो आणि मोसमाच्या शेवटी युनायटेड ८७ गुणांवर, आम्ही ८३ वर, तिसरे.

त्या रात्री सगळे पोरांना शिव्या देत होते. मला मात्र माझा आज्जा आठवला.

आज्जा खानापूर तालुक्यातला शेतकरी. बाजारात बैल घ्यायचा तर तो आधी जबडा उघडून दातांवरून वय बघायचा: आदत आहे, दोनदाती आहे, की जुळलेला. पण घरच्या गाईचं खोंड वाढवायची त्याला भारी हौस. बाजारचा बैल कुणी कसा वागवलाय ठाऊक नसतं, घरच्याच्या खोडी आपल्याला माहीत असतात, असं त्याचं म्हणणं. मात्र खोंड पहिल्यांदा औताला धरायचं ठरलं की तो दोन खोंडं एका जुवाखाली कधी घालत नसे. एका बाजूला खोंड, दुसऱ्या बाजूला मुरलेला बैल. खोंड बिथरलं तरी जोडीदार सरळ चालत राही. तास, म्हणजे औताची ओळ, वाकडं गेलं तरी मोडत नसे. दोन खोंडं एकत्र जुंपली तर एक बिचकलं की दुसरं बिचकतं आणि औत बांधाबाहेर.

मंडळी, मला आज एवढंच सांगायचं आहे की पोरं की खरेदी, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. जुवाच्या दुसऱ्या बाजूला कोण आहे ते बघा. वेंगरचा दोष पोरं खेळवण्यात नव्हताच. तिशी ओलांडलेल्या खेळाडूला एका वर्षापेक्षा जास्त करार द्यायचा नाही, असा तिथं नियमच पडला होता. पॅट्रिक व्हिएरा २००५ मध्ये गेला. २००६ च्या उन्हाळ्यात बर्गकॅम्प निवृत्त झाला, पिरेस आणि सोल कॅम्पबेल गेले. २००७ मध्ये थिएरी हेन्री. दोन वर्षांत गोठ्यातले बहुतेक मुरलेले बैल बाहेर, आणि मग पोरांनी तास सरळ ओढायचं, ही अपेक्षा.

इथं आमचे युनायटेडवाले मामा हमखास १९९५ काढतात. काढू देत, माझ्याच उपयोगाचं आहे. त्या उन्हाळ्यात युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसननी पॉल इन्स, मार्क ह्यूज आणि आंद्रेई कान्चेल्स्किस असे तीन नावाजलेले खेळाडू सोडले, आणि क्लबच्या अकादमीत, म्हणजे पोरं घडवायच्या शाळेत, तयार झालेली पोरं उतरवली. पहिल्याच सामन्यात ॲस्टन व्हिलाकडून ३-१ अशी हार. त्या रात्री टीव्हीवर माजी खेळाडू आणि जाणकार ॲलन हॅन्सन म्हणाले, पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही. मोसमाच्या शेवटी युनायटेडकडे लीग आणि एफए कप दोन्ही. तेव्हापासून हॅन्सनच्या त्या वाक्याला जग हसत आलं आहे.

मला हॅन्सनची कीव येते, कारण माणूस पुरता चुकलेला नव्हता. बेकहॅम, स्कोल्स, बट, दोघे नेव्हिल ही पोरं होतीच. पण मागं गोलात पीटर श्मायकेल, बचावात स्टीव्ह ब्रूस, पॅलिस्टर, अर्विन, मध्ये रॉय कीन, आणि ऑक्टोबरात आठ महिन्यांची बंदी संपवून परतलेला एरिक कँटोना. न्यूकॅसल जानेवारीत १२ गुणांनी पुढं होतं. मार्चमध्ये त्यांच्याच मैदानावर श्मायकेलनं गोलमागून गोल अडवले आणि कँटोनानं एकच केला, १-० असा. एफए कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्धचा एकमेव गोलही कँटोनाचा. ही सगळी बाजारातून आणलेली माणसं. कँटोना तर लीड्सकडून १२ लाख पौंडांत. त्या पैशात आज एखादा चांगला बॅकसुद्धा येत नाही.

कुणी म्हणेल, वेंगरच्या वेळी चेल्सीकडे रशियन अब्जाधीश अब्रामोविचचा पैसा आला, २००८ नंतर मँचेस्टर सिटीकडे अबू धाबीचा. मुरलेले बैल ठेवले असते तरी कुणी ना कुणी सोडवून नेलेच असते. हे खरं आहे, म्हणजे तुमचं खरं. मी त्याला उत्तर शोधत बसत नाही.

थोडं हिशेबाचं बोलू, कारण व्यापारी पेठेतली मंडळी समोर आहेत. २९ मे २०२१, पोर्तोमध्ये चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेचा, अंतिम सामना. चेल्सीचा मेसन माउंट पास देतो, काय हाव्हर्ट्झ गोल करतो, १-० नं सिटी हरते. माउंट सहा वर्षांचा असल्यापासून चेल्सीत वाढलेला. हाव्हर्ट्झ आदल्या वर्षी जर्मनीतून मोठी रक्कम मोजून आणलेला. खोंड आणि बाजारचा बैल एकाच तासात. २०२३ च्या उन्हाळ्यात क्लबनं दोघांनाही विकलं. हाव्हर्ट्झचे सुमारे साडेसहा कोटी पौंड आले, माउंटचे साडेपाच. आता वहीत बघा. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर विभागतात, आपण यंत्राचा घसारा लावतो तशी. हाव्हर्ट्झचा करार पाच वर्षांचा, झाली तीन. दोन वर्षांची किंमत अजून वहीत उभी, ती वजा करून उरेल तो नफा. माउंटच्या नावावर खरेदीच नाही, म्हणून आले तेवढे सगळे नफा. खर्चावर मर्यादा घालणारे नियम आल्यापासून घरचं पोर खेळवण्यापेक्षा विकणं सोयीचं झालंय. ज्याच्या जिवावर 'आपला माणूस' म्हणून चाहते छाती काढतात, तोच आधी विकायला काढतात. चिंगूस मॅनेजर त्यापेक्षा परवडला.

आता 'आपला माणूस' म्हटलंय तर बिल्बाओला जायला पाहिजे, आणि बेळगावात बसून तिथं जाणं सोपं आहे. बास्क लोकांचा मुलूख स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला, भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेशी नातं नसलेली. ॲथलेटिक बिल्बाओ बास्क मुलखात जन्मलेला किंवा तिथं घडलेला खेळाडूच घेतो. तरी हा क्लब पहिल्या श्रेणीतून कधी खाली गेला नाही. स्पेनमध्ये असे दुसरे दोनच, रेआल माद्रिद आणि बार्सिलोना. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा कप, जिंकला, चाळीस वर्षांनी मोठा करंडक. खेळाडूंना घेऊन नदीवरून गाबारा नावाचा तराफा निघाला आणि काठावर लाखो माणसं.

सीमाभागातल्या श्रोत्याला हे ऐकून काय वाटेल ते मला कळतं. मलाही तेच वाटलं होतं. पण त्या संघाचा नियम नीट वाचा: 'जन्मलेला किंवा तिथं घडलेला'. रक्त कुणाचं, ते त्यात विचारलेलं नाही. इन्याकी विल्यम्सचे आई-बाप घानातून सहारा तुडवत स्पेनमध्ये आले. पोरगा बिल्बाओत जन्मला, लीगमध्ये सलग २५१ सामने खेळला, एकही न चुकवता. त्याचा भाऊ निको त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, दोघं एकाच संघात. थोरला उजव्या बाजूनं धावतो, धाकटा डाव्या. आज्जानं ही जोडी बघितली असती तर दात बघायच्या भानगडीत पडला नसता.

कोल्हापूरकर इथं बसले असतील तर त्यांना हे नवं नाही. शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ उतरतात तेव्हा पेठेतली पोरं किती आणि बाहेरून आणलेले किती, यावर घरात जेवणं थंड होतात.

माझ्या आर्सेनलचं राहिलं. २८ ऑगस्ट २०११ ला युनायटेडच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, आम्ही ८-२ नं हरलो. फाब्रेगास आणि नास्री तोवर गेलेले. पुढच्या तीन दिवसांत वेंगरनी पाच जण घाईघाईनं आणले आणि आम्ही हसलो, मोडकी भांडी म्हणालो. त्यातला पेर मेर्टेसाकर २०१८ मध्ये क्लबच्या अकादमीचा प्रमुख झाला, मिकेल आर्तेता डिसेंबर २०१९ मध्ये मॅनेजर. सप्टेंबर २०२२ मध्ये आर्तेतानं इथन न्वानेरीला उतरवलं, वय १५ वर्षं १८१ दिवस. आणि पुढच्या वर्षी डेक्लन राइससाठी दहा कोटी पौंडांवर मोजले. गाड्यावर दोन्ही वेळा भांडण झालं.

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळाकडं बघतायत. आमच्या गल्लीच्या संघाचं सांगून बसतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या अकरापैकी नऊ जण कॉलेजातली पोरं. गोलकीपर मात्र चाळिशीला टेकलेला, दिवसा रिक्षा चालवतो, गुडघ्याला पट्टा. समितीत ठराव आला की त्याला बसवून बारावीतलं पोरगं उभं करावं, उंच आहे, उड्या छान मारतं. मी विरोध केला आणि एका मतानं वाचलो. चिखलात सामना सुरू झाला. तो उड्या मारतच नव्हता. नव्वद मिनिटं नुसता ओरडत होता, ज्या पोराला जी भाषा कळते त्या भाषेत: "डावीकडं सरक रे!", "हिंदे नोडो!", "पीछे आदमी, पीछे आदमी!"