हॉकीच्या रिकाम्या रात्री आणि लाल चेंडू
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, इनडोअर सॉकर म्हटलं की आपल्याला आधी फुटसाल आठवतं. 2016 च्या जुलैत चेन्नई आणि गोव्यात प्रीमियर फुटसालचे सामने झाले, रोनाल्डिन्यो आणि फाल्काव इथे येऊन खेळले. आजचा विषय तो खेळ नाही. फुटसालला बाजूची रेषा असते आणि चेंडू तिच्या बाहेर गेला की खेळ थांबतो. चेंडूही लहान आणि कमी उसळणारा. अमेरिकेतल्या व्यावसायिक इनडोअर लीगमध्ये रेषेच्या जागी फळी आहे, फळीवर जाड पारदर्शक काच आहे, आणि चेंडू तिथून परत मैदानात येतो. एवढ्या एका फरकाने सगळा खेळ बदलतो.

मी मेजर इनडोअर सॉकर लीगच्या पहिल्या हंगामाबद्दल, म्हणजे 1978-79 बद्दल बोलणार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: या खेळाचे नियम फुटबॉलने ठरवलेले नाहीत, ते आइस हॉकीच्या इमारतीने ठरवले. मैदान केवढं, खेळाडू किती, बदली कशी, शिक्षा कोणती, हे सगळं त्या इमारतीत आधीपासून होतं.

सुरुवात 11 फेब्रुवारी 1974 ची. फिलाडेल्फियाच्या स्पेक्ट्रम या सभागृहात मॉस्कोच्या लाल सेनेचा संघ फिलाडेल्फिया अ‍ॅटम्सविरुद्ध खेळला आणि 6-3 असा जिंकला. प्रेक्षक 11,790. तो सामना पाहणाऱ्यांत एड टेपर आणि अर्ल फोरमन होते. पुढे या दोघांनी लीग उभी केली. त्यांच्यासमोरचा हिशेब सरळ होता. मोठ्या शहरांतल्या सभागृहांत हिवाळ्यात हॉकीचे आणि बास्केटबॉलचे सामने होतात, पण दोन्ही मिळूनही बऱ्याच रात्री रिकाम्या राहतात. दुसरीकडे, नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग उन्हाळ्यात खेळायची, त्यामुळे तिचे व्यावसायिक फुटबॉलपटू हिवाळ्यात मोकळे. रिकामी इमारत आणि मोकळा खेळाडू यांची गाठ घालायची, एवढंच.

पहिल्या हंगामात सहा संघ होते: न्यूयॉर्क अ‍ॅरोज, फिलाडेल्फिया फीव्हर, क्लीव्हलंड फोर्स, सिनसिनाटी किड्स, ह्यूस्टन समिट आणि पिट्सबर्ग स्पिरिट. प्रत्येकाला 24 सामने, म्हणजे साखळीत एकूण 72. पहिला सामना 22 डिसेंबर 1978 ला लाँग आयलंडच्या नासाऊ कोलिसियममध्ये झाला. अ‍ॅरोजनी सिनसिनाटीला 7-2 असं हरवलं, आणि तो पाहायला 10,386 लोक आले. बेसबॉलपटू पीट रोज हा सिनसिनाटी संघाच्या मालकांपैकी एक. उद्घाटनाची किक त्याने मारली.

आता मैदान. हॉकीची रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद, कोपरे गोलाकार. बर्फ वितळवायचा नसतो, कारण दुसऱ्या दिवशी हॉकी असू शकते. म्हणून बर्फ झाकून त्यावर कृत्रिम गवताचे पट्टे अंथरतात आणि एकमेकांना जोडतात. बिघाड इथूनच सुरू होतात. पट्ट्यांचा सांधा नीट बसला नाही तर चेंडू तिथे उडी मारतो आणि बूटही अडकतो. खालून ओल आली तर वळताना पाय सरकतो. घसरून चेंडू काढायला गेलात तर मांडी आणि कोपर सोलवटून निघतात. खिळ्यांचे बूट इथे चालत नाहीत, रबरी, सपाट तळव्याचेच लागतात. गवत पातळ असल्याने धावण्याचा दणका थेट गुडघ्यांवर आणि घोट्यांवर येतो.

मैदानाचं क्षेत्रफळ मोठ्या फुटबॉल मैदानाच्या पाव भागापेक्षाही कमी, साधारण 22 टक्के. गोल मात्र तेवढा लहान केलेला नाही. तेव्हाचा गोल 12 फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच होता, म्हणजे 78 चौरस फूट. मोठ्या मैदानावरचा गोल 24 बाय 8 फुटांचा, म्हणजे 192. मैदान 22 टक्क्यांवर आलं आणि गोल 40 टक्क्यांवरच थांबला. सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून दहा-बारा गोल का होतात, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. बचाव ढिला असतो म्हणून एवढे गोल होतात, असं अनेकजण समजतात. ते बरोबर नाही. मैदानाच्या जवळजवळ कुठूनही गोल टप्प्यात असतो आणि बचावपटूला विचार करायला क्षणही मिळत नाही.

गोल फळीतच बसवलेला असतो, त्याच्या मागे जागा नसते. त्यामुळे चुकलेला फटका मैदानाबाहेर जात नाही, फळीवर आपटून गोलासमोर परत येतो. कॅरम खेळणाऱ्यांना हे लगेच कळेल. सोंगटी सरळ जात नसेल तर आपण कड वापरतो, रिबाउंड घेतो. इथले चांगले आघाडीपटू मुद्दाम खांबाच्या बाहेर, फळीवर मारतात. गोलरक्षक फटक्याच्या दिशेने झेपावतो आणि चेंडू उलट्या बाजूला उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या पायात येतो. म्हणून बचावाचा पहिला नियम असा की फटका कुठूनही येवो, दूरच्या खांबाशी एक माणूस उभा हवा. तो हलला की गोल झालाच समजा. कॅरमपेक्षा एक अडचण मात्र जास्त आहे. चेंडूला फिरकी असेल तर कोन बदलतो, आणि फळीतल्या दारांच्या सांध्यावर आपटला तर चेंडू मरतो, येतच नाही. यजमान संघाला आपल्या फळ्यांच्या या जागा पाठ असतात. घरच्या मैदानाचा फायदा म्हणतात तो इथे असा हाताने दाखवता येतो.

चेंडू पांढरा नव्हता, लाल होता. पांढऱ्या फळीसमोर आणि टीव्हीच्या पडद्यावर तो ठळक दिसतो.

एका बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू. 15 मिनिटांची चार सत्रं. बदल्या कितीही, आणि खेळ न थांबवता, हॉकीसारख्याच. खो-खोत संरक्षकांची तुकडी बाद झाली की दुसरी तुकडी आत येते. इथे तुकडी दमली की बदलते, तीही चेंडू चालू असताना. पूर्ण वेगाने दीड-दोन मिनिटं धावलं की पाय जड होतात आणि बाहेर यावंच लागतं. प्रशिक्षकाची निम्मी कला इथे आहे. चेंडू समोरच्यांच्या कोपऱ्यात असताना बदली करायची, आपल्या गोलाजवळ असताना कधीच नाही. बाहेर येणारा बाकाजवळ पोचण्याआधीच नवा खेळाडू मैदानात उतरून खेळायला लागला, तर माणसं जास्त झाली म्हणून दोन मिनिटांची शिक्षा. बाहेर येणारा रेंगाळला तर तेवढ्या चार-पाच सेकंदांत समोरचे पाच विरुद्ध चार होऊन गोल करतात. टीव्हीवर तो गोल बचावपटूच्या नावे चूक म्हणून दिसतो. खरी चूक बाकाच्या दाराशी झालेली असते.

शिक्षाही हॉकीचीच. गंभीर फाउल केला की दोन मिनिटं बाहेर, पुढे त्यासाठी निळं कार्ड आलं. तेवढा वेळ समोरच्यांचा पॉवर प्ले. क्रिकेटमधला पॉवर प्ले डोक्यातून काढा, इथे एक माणूस खरोखर कमी असतो. गोल झाला की शिक्षा संपते आणि बाहेरचा आत येतो. चार जणांनी चौकोन करून गोलासमोरचा मधला भाग झाकायचा आणि फळीजवळचा चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा, ही ठरलेली पद्धत. चौकोनातला एक जण चेंडूच्या मोहाने फळीकडे धावला की मध्ये भगदाड पडतं.

एक नियम फक्त या खेळाचा. मैदानावर आडव्या तीन रेषा असतात. चेंडू कुणालाही आणि फळीलाही न लागता हवेतून तिन्ही ओलांडून पुढे गेला तर फाउल, आणि समोरच्यांना फ्री किक मिळते ती फाउल करणाऱ्यांच्याच गोलाजवळच्या रेषेवरून. हा नियम नसता तर गोलरक्षकाने हाताने चेंडू थेट दुसऱ्या टोकाला फेकला असता आणि मधल्या मैदानाला अर्थच उरला नसता. दमलेला गोलरक्षक घाईत हाच फाउल करतो.

अ‍ॅरोजनी पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळवलं. अंतिम लढत फिलाडेल्फियाशी होती, ती त्यांनी दोन सामन्यांतच संपवली. साखळीत खरं तर ह्यूस्टन पुढे होता, 18 विजय आणि 6 पराभव. तरी तो उपांत्य फेरीत बाहेर पडला. अ‍ॅरोजचे बरेचसे खेळाडू आणि प्रशिक्षक डॉन पोपोविच मोठ्या मैदानावर खेळणाऱ्या रॉचेस्टर लान्सर्स संघातून आलेले, म्हणजे एकमेकांचे पास ओळखणारे. सहाजणांच्या खेळात ही ओळख फार मोलाची. गोलात शेप मेसिंग, आणि पुढे स्टीव्ह झुंगुल. झुंगुल हा स्प्लिटच्या हायडुक संघाचा. युगोस्लाव्हियातली सक्तीची लष्करी सेवा न करता तो अमेरिकेत आला, फिफाची बंदी आली आणि मोठ्या मैदानाची दारं बंद झाली. ही लीग फिफाच्या कक्षेबाहेर होती म्हणून तो इथे खेळू शकला. चेंडू फळीवरून कुठे येणार, तिथे तो आधीच उभा असे. या लीगमध्ये त्याने 652 गोल केले, आणि अ‍ॅरोज पहिली चारही वर्षं अजिंक्य राहिले.

सिनसिनाटीचा संघ मात्र त्या एका हंगामानंतर उरला नाही. इमारत भाड्याची, खेळाडू उसने, तिकिटांवर सगळी भिस्त. ही दुखणी लीगला शेवटपर्यंत पुरली. 1987 मध्ये टकोमा डोममध्ये अंतिम फेरीचा सातवा सामना 21,728 लोकांनी पाहिला, डॅलस साइडकिक्सनी तो जादा वेळेत जिंकला, आणि तरी 1992 च्या जुलैत लीग बंद पडली. खेळ संपला नाही. मिलवॉकी वेव्ह हा 1984 मध्ये स्थापन झालेला संघ आजही फळ्यांमध्येच खेळतो.

त्याचा सामना कधी पाहायला मिळाला तर शेवटच्या दोन मिनिटांत एका गोलने मागे असलेल्या संघाकडे पाहा. त्यांचा गोलरक्षक बाकाकडे धावतो आणि गोलरक्षकाच्या रंगाचा शर्ट घातलेला सहावा आघाडीपटू दारातून आत उतरतो. मागे गोल सताड उघडा. आता समोरच्यांनी चेंडू अडवून लांबून मारला, तर मधे कुणीच नाही. त्या वेळी चेंडूकडे पाहू नका. मागे पळत येण्यासाठी कोणता बचावपटू मध्यरेषेजवळ थांबलाय, ते शोधा.