गावच्या विहिरी मोजा, नकाशावर आणा: टेप, पेला आणि एक खूण

नमस्कार मंडळी. मराठवाड्यात मार्च लागला की गावोगावी एकच वाद: पाणी आहे की संपलं? एक म्हणतो आहे, शेजारचा म्हणतो टँकर मागवा. बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. आपल्या खाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. पाणी त्याच्या मुरमात आणि भेगांत साठतं, म्हणून शंभर पावलांवरच्या दोन विहिरींची पातळी वेगळी असू शकते. एका विहिरीवरून गावाचं पाणी ठरवू नका. ओढ्याकाठची, माळावरची, गावठाणातला आड, अशा आठ-दहा तरी घ्या.

सामान थोडंच आहे. ३० मीटरचा फायबर टेप आणि स्टीलचा छोटा पेला. पेल्याच्या बुडाला भोक पाडून तार ओवा, भोक एम-सीलनं बुजवा आणि पेला टेपच्या टोकाला उपडा बांधा. पाण्याला टेकला की ‘टप्प’ असा पोकळ आवाज येतो. खोल विहिरीत पाणी नीट दिसत नाही, आवाज मात्र स्पष्ट येतो. दोन-तीनदा वर-खाली करून खात्री करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: कठड्यावर ऑइल पेंटनं खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. समजा टेपवर ११.२० मीटर आलं. टेपच्या शून्यापासून पेल्याच्या काठापर्यंत ०.१२, ते मिळवा: ११.३२. खूण जमिनीपासून ०.८५ वर आहे, ते वजा करा. पाणी जमिनीखाली १०.४७ मीटरवर. ही वजाबाकी एकदा केली, एकदा विसरली, तर कागदावर विहीर पाऊण मीटरहून जास्त चढते-उतरते आणि गावभर चुकीची चर्चा होते.

मोजायचं पहाटे, पंप रात्रभर बंद असेल तेव्हा. रात्रपाळीची लाइट असेल तर आधी विचारा: बऱ्याच पंपांना ऑटो असतो, लाइट आली की पंप आपोआप सुरू होतो आणि सकाळी पातळी खोटी दिसते. बोअरमध्ये टेप सोडू नका, केबलला अडकतो. कठडा नसलेल्या विहिरीवर एकट्यानं जाऊ नका.

महिने कोणते? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तेच महिने धरा, म्हणजे त्यांच्या आकड्यांशी ताळा लावता येईल.

आता नकाशा. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनी भरलेला खुला नकाशा. त्यात भर घालायला मोबाईलवर एव्हरी डोअर अ‍ॅप घ्या, ओपनस्ट्रीटमॅपचं खातं काढा. उपग्रहचित्रात विहिरीचं गोल तोंड दिसतं, बिंदू त्याच्या मधोमध ठेवा. प्रकार विहीर, पंप हाताचा की विजेचा, पाणी पिण्याजोगं आहे का, एवढंच भरा. गूगल मॅप्सवरून काही उतरवायचं नाही, परवाना तशी मुभा देत नाही. मालकाचं नाव आणि मोबाईल नंबर टाकू नका, विहिरीला क्रमांक द्या.

पातळीचे आकडे मात्र नकाशावर भरायचे नाहीत. तिथं कायमच्या गोष्टी राहतात. त्यासाठी वेगळी ऑनलाइन शीट ठेवा: क्रमांक, तारीख, वेळ, टेपवरचं माप, खुणेची उंची, पंप कधी बंद झाला. तारखेत वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. नाहीतर ५ ऑक्टोबरची १० मे होते, आणि आपल्याला नेमके हेच दोन महिने ताडून बघायचेत! आकडे इंग्रजी टाका. देवनागरी आकडा शीट अनेकदा अक्षर समजते आणि बेरीज होत नाही. शीटची लिंक सगळ्यांना बघायला खुली ठेवा, बदलायची परवानगी दोघा-तिघांनाच.

विकास आराखड्याच्या ग्रामसभेत मेची आणि ऑक्टोबरची पातळी शेजारी शेजारी लिहून न्या. २० फूट व्यासाच्या विहिरीत १ मीटर पाणी म्हणजे सुमारे २९ हजार लिटर, हेही सांगा. मीटरपेक्षा लिटर लवकर पटतात. तक्ता ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली का, ते तिथंच वाचून घ्या.