नोंदवहीबाहेरचे अपघात

बेसा, बेलतरोडी, वर्धा रोड. नागपूर या बाजूला झपाट्यानं वाढतंय आणि जिकडे पाहावं तिकडे परांच्या उभ्या आहेत. त्यांवर चढणारा माणूस किती सुरक्षित आहे, हे मोजायचं कसं?

अभ्यासक आधी नोंदवही मागतात. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार मृत्यू झाला, किंवा मजूर ४८ तास वा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर अपघात कळवणं बंधनकारक ठरलं. पण रोजंदारीचा गडी बोटाला चिंधी गुंडाळून दुसऱ्या सकाळी ठिय्यावर हजर होतो. खाडा परवडत नाही. त्याची जखम कुठल्याच वहीत चढत नाही, आणि कमी नोंदींची साइट कागदावर सर्वांत सुरक्षित दिसते. नुसत्या नोंदींवर बेतलेला अभ्यास म्हणूनच मला घातक वाटतो.

त्यामुळे साइटवर जाऊन बघावं लागतं. कठडा आहे का, फळ्या बांधल्यात का, सगळं टिपायचं. तिथल्या एखाद्या गवंड्याकडे नीट पाहा. कमरेला सुरक्षेचा पट्टा आहे, पण हूक मोकळा लोंबतोय. ‘पट्टा घातला का?’ असा रकाना असेल, तर इथं ‘हो’ लिहिलं जाईल. विचारायला हवं, हूक कशाला अडकवलाय? शिवाय पाहुणे आले की सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढतं. म्हणून फेऱ्या वेगवेगळ्या वेळी, न सांगता मारायच्या.

मुकादमासमोर कुणी तोंड उघडत नाही. छत्तीसगडहून आलेल्या रेजांशी, म्हणजे बाया मजुरांशी, सुट्टीनंतर, त्यांच्याच बोलीत बोलावं. ‘काम सुरक्षित आहे का?’ म्हटलं की मान डोलते. ‘अलीकडे थोडक्यात कधी वाचलात?’ म्हटलं की घमेलं निसटल्याची, फळी सरकल्याची हकीकत निघते. नाव मात्र लिहायचं नाही.

आणि नागपुरात ऊन मोजल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पण सावलीतला पारा पुरेसा नाही. उन्हातल्या कामासाठीच्या ‘डब्ल्यूबीजीटी’ या उष्णतेच्या निर्देशांकात ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीला ७० टक्के, ऊन शोषणाऱ्या काळ्या गोळ्यातल्या तापमापीला २० आणि हवेच्या तापमानाला १० टक्के वजन असतं. तो मोजणारं यंत्र स्लॅबवर, सेंट्रिंगवाल्यांच्या शेजारीच ठेवायचं.

मग कामाची वेळ बदलून फरक पडतो का, ते तपासता येतं. तुलनेसाठी कुणाला कायम उन्हात ठेवणं योग्य नाही. म्हणून बदल एका साइटवर आधी करायचा, दुसरीवर काही आठवड्यांनी, आणि मोजणी दोन्हीकडे पहिल्या दिवसापासून.