नागलीला मोड येतात तेव्हा

[दृश्य : ओसरी, सूप, नागली]

पालघर जिल्हा, जव्हार तालुक्यातला एक पाडा. सुपातून बारीक तांबूस नागली, म्हणजे नाचणी, पाखडली जातेय. आजींचे हात सुपावर आहेत आणि डोळे नातवावर. तो चौदा महिन्यांचा आहे.

[दृश्य : फडक्यातली पुरचुंडी, मोड]

रात्रभर भिजलेली नागली सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची. फडकं सुकू द्यायचं नाही. एक-दोन दिवसांनी गाठ सोडली की दाण्यादाण्याला हे असे पांढरे मोड. मग वाळवण, हातावर चोळून मोड झाडणं आणि शेवटी तव्यावर भाजणं. भाजायचं मात्र अगदी हलकं. मोड येताना दाण्यात एक विकर (एन्झाइम) तयार होतं. ते पिठातला स्टार्च तोडतं, म्हणून पीठ जास्त घातलं तरी पेज गच्च होत नाही. बाळाचं पोट लहान, भूक मोठी. त्याच वाटीत जास्त अन्न मावतं आणि सहज गिळताही येतं. जाळ मोठा केला तर हा गुण जातो. आजी विकर वगैरे म्हणत नाहीत, पण लाकूड मागे ओढतात, ते बघा.

[दृश्य : जातं, मग पातेलं]

शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदळाच्या पेजेत ते नावालाच. पेज शिजली की वरून चमचाभर खुरासणीचं तेल. सहा महिन्यांनंतर आईचं दूध चालू ठेवून वरचं अन्न सुरू करायचं, नऊ महिन्यांपासून दिवसातून तीन-चार वेळा भरवायचं. सोबत डाळ, अंडं, पालेभाजी हवीच, नुसत्या नागलीवर मूल वाढत नाही. पण सुरुवात घरात, या जात्यावर आहे. दुकानात दोरीला टांगलेल्या कुरकुरीत पुड्यांवर ती नाही.

[दृश्य : अंगणवाडी, दंडपट्टी]

सेविकाताई दंडाला पट्टी लावून घेर मोजतात, त्यावरून कुपोषण कळतं. साडेबारा सेंटिमीटर आणि त्यावर हिरवा म्हणजे ठीक, साडेअकराच्या खाली लाल म्हणजे तीव्र कुपोषण, मधे पिवळा. 1992-93 मध्ये इथल्या वावर-वांगणी गावांतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी हा तालुका राज्यभर ठाऊक झाला. त्यानंतर जवळपास तीस वर्षांनीही महाराष्ट्रात पाच वर्षांखालचं तीनातलं एक मूल वयाच्या मानानं बुटकं होतं, असं 2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं.

[दृश्य : पिठाचा डबा, बांधलेलं गाठोडं]

दिवाळी झाली की घरं रिकामी होतात. आईबाप वीटभट्टीवर जातात, मूल त्यांच्यासोबत. तिथं ना जातं, ना ओसरी. म्हणून आजी सुनेच्या गाठोड्यात हे पीठ बांधून देतात. कोरड्या डब्यात ते महिनाभर चांगलं राहतं. महिन्यानंतर त्या मुलाला भट्टीजवळच्या अंगणवाडीत नाव नसलं तरी आहार मिळाला पाहिजे, अंडं मिळालं पाहिजे, आणि दर महिन्याला त्याचं वजन झालं पाहिजे.